रिव्हरसाइडच्या रिकाम्या खुर्च्या

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, टीस नदीच्या काठी, मिडल्सब्रो नावाचे पोलादाचे शहर आहे. सिडनी बंदरावरचा प्रसिद्ध पूल बांधणारी डॉर्मन लाँग ही कंपनी इथलीच. शहराच्या फुटबॉल क्लबचे रिव्हरसाइड स्टेडियम १९९५ मध्ये खुले झाले आणि पुढे वाढवून त्याची क्षमता सुमारे ३५ हजारांवर नेली गेली. मे २००९ मध्ये हा संघ प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला. जगभर मंदी होतीच. फेब्रुवारी २०१० मध्ये जवळच्या रेडकारची झोतभट्टी थंड करण्यात आली आणि दीड हजारांहून अधिक नोकऱ्यांवर गदा आली. ती भट्टी तेव्हा कोरस कंपनीची होती आणि कोरस २००७ पासून टाटा स्टीलच्या मालकीची. टीसाइड भागातल्या त्या हिवाळ्याचा एक धागा असा थेट मुंबईला, टाटांच्या बॉम्बे हाऊसपर्यंत येतो. त्या मोसमात रिव्हरसाइडवर सामन्याला सरासरी २० हजारांच्या आसपास प्रेक्षक आले. आदल्या मोसमात हाच आकडा २८ हजारांच्या वर होता.

आठ हजार माणसे गेली कुठे? मंदी आली की इंग्लंडच्या प्रत्येक फुटबॉलवेड्या गावात हा वाद पेटतो. एक जण म्हणतो, लोकांकडे पैसेच नाहीत, बाकीचे सगळे बोलणे व्यर्थ. दुसरा म्हणतो, संघ जिंकू लागू द्या, मग बघा कशी रीघ लागते ती. तिसऱ्याचा राग तिकिटाच्या दरांवर असतो, चौथ्याचा टीव्हीवर. आणि कोणीतरी हमखास म्हणते, जे आले नाहीत ते खरे चाहते नव्हतेच. या शेवटच्या माणसाशी माझे भांडण आहे आणि ते मी आकड्यांच्या आधारे भांडणार आहे. त्याआधी गर्दी मोजतात कशी आणि पैशाची ओढाताण सुरू झाल्यावर ती कोणत्या क्रमाने ओसरते, हे नीट बघायला हवे.

मोजणीपासून सुरुवात करू. पूर्वी मैदानाच्या दारावर लोखंडी फिरते फाटक असे. प्रेक्षक नाणी देई, फाटक एक घर फिरे, आतला आकडा एकाने वाढे. संध्याकाळी सगळ्या फाटकांचे आकडे मिळवले की गर्दी कळे. आज प्रीमियर लीगचे क्लब जो आकडा जाहीर करतात तो सहसा विकल्या गेलेल्या तिकिटांचा असतो. त्यात पूर्ण मोसमाचे तिकीट आधीच घेतलेले सीझन तिकीटधारक सगळे धरलेले असतात, मग त्या दिवशी ते आलेले असोत वा घरी बसलेले. किती जण प्रत्यक्ष आत आले हे इलेक्ट्रॉनिक फाटकांमुळे क्लबला अचूक कळते, पण ध्वनिक्षेपकावरून जाहीर होणारा आकडा तो नसतो. म्हणून टीव्हीवर लाल खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे रिकामे दिसतात आणि खाली ‘मैदान जवळपास भरलेले’ असा आकडा येतो. मंदीचा पहिला परिणाम नेमका इथे लपतो. तिकीट आधीच घेतलेले आहे, पण आता रेल्वेचे भाडे परवडत नाही किंवा शनिवारची जादा पाळी सोडता येत नाही, असा माणूस कागदावर मैदानातच बसलेला असतो.

दुसरी अडचण सरासरीची. २००९-१० मध्ये प्रीमियर लीगची सरासरी प्रेक्षकसंख्या घसरली, तेव्हा मंदीने अखेर फुटबॉलला गाठले असा अर्थ काढणे सोपे होते. पण त्या वर्षी कोण खाली गेले आणि कोण वर आले ते बघा. ५२ हजार क्षमतेचे न्यूकॅसल खाली गेले आणि जेमतेम २२ हजारांच्या मैदानाचे बर्नली वर आले. बर्नलीचे मैदान प्रत्येक सामन्याला खच्चून भरले असते तरी लीगची सरासरी खालीच आली असती. उलट खालच्या श्रेणीत गेलेल्या न्यूकॅसलने त्या मोसमात सरासरी ४३ हजार प्रेक्षक खेचले. त्यांच्या शर्टावर नाव होते नॉर्दर्न रॉक बँकेचे. २००७ मध्ये जिच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि २००८ मध्ये जी सरकारला ताब्यात घ्यावी लागली तीच ही बँक. म्हणून गर्दी खरेच घटली का, हे बघायचे तर पूर्ण लीगची सरासरी बाजूला ठेवावी आणि एकेका क्लबाची अनेक वर्षे शेजारी शेजारी मांडावीत.

तसे मांडले की मिडल्सब्रोची गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. २००४-०५ मध्ये रिव्हरसाइडची सरासरी ३२ हजारांच्या आसपास होती. पुढच्याच मोसमात संघ युरोपातल्या यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, क्लबच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी झेप. तरी लीगच्या सामन्यांची सरासरी २८ हजारांच्या घरात उतरली. तेव्हा मंदीचा मागमूस नव्हता. ब्रिटनमध्ये कर्ज सहज मिळत होते, घरांच्या किमती चढत होत्या. म्हणजे ओहोटी तेजीतच लागली होती आणि २००९ ने तिला वेग दिला.

या वेगाचेही एक वेळापत्रक असते आणि ते सीझन तिकिटामुळे ठरते. मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो, सीझन तिकिटांची विक्री मात्र आदल्या वसंत ऋतूत, एप्रिल-मेपासून चालू होते. या विक्रीतून आलेल्या रोख रकमेवर क्लबचा उन्हाळा निभावतो, कारण सामने नसले तरी खेळाडूंचे पगार चालू असतात. आता लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली १५ सप्टेंबर २००८ रोजी. तोवर २००८-०९ ची सीझन तिकिटे विकून झालेली होती. त्या हिवाळ्यात बेकारी वाढत असतानाही मैदाने भरलेली दिसत होती, तेव्हा फुटबॉलला मंदी शिवत नाही असे म्हणणारे बरेच निघाले. ते पाहत होते ती गर्दी आदल्या उन्हाळ्याच्या खिशातून आलेली होती. खरी परीक्षा २००९ च्या वसंतात झाली, नूतनीकरणाचे पत्र घरी आले तेव्हा. नोकरी जाणे आणि खुर्ची रिकामी होणे यांत असे सहा ते दहा महिन्यांचे अंतर पडू शकते. वाद घालणारे बहुतेक जण हे अंतर विसरतात आणि चालू महिन्यातल्या बातमीत चालू महिन्यातल्या गर्दीचे कारण शोधतात.

सीझन तिकीट एकरकमी घेणाऱ्याला प्रत्येक सामना स्वस्त पडतो. पण शेकडो पौंड एका दमात बाजूला काढणे ज्याला जमत नाही, त्याला अनेक ठिकाणी हप्त्यांनी पैसे भरता येतात, आणि हप्त्यांवर बऱ्याचदा व्याज किंवा शुल्क असते. म्हणजे ज्याची ओढाताण जास्त त्याला तीच खुर्ची महाग पडते. हप्ताही झेपेना झाला की तो एकेका सामन्याचे तिकीट काढू लागतो. ते आणखी महाग, म्हणून तो निवडक सामने बघतो. शेजारच्या संघाशी, सणाच्या दिवशी, चषकाचा एखादा. गर्दी ओसरण्याचा क्रम असा असतो. कट्टर चाहता एका दिवसात घरी बसत नाही. तेवीस घरच्या सामन्यांवरून तो दहावर येतो, दहावरून तीनवर, आणि मग एक दिवस त्याच्या लक्षात येते की शनिवारी दुपारी आता दुसरेच काही करायची सवय लागली आहे.

सवय हा या सगळ्याचा गाभा आहे असे मला वाटते. सीझन तिकिटाबरोबर एक ठरलेली खुर्ची मिळते आणि तिच्या आजूबाजूला ठरलेली माणसे. वर्षानुवर्षे तेच चार जण एका गाडीतून येतात, एकाच ठिकाणी चहा किंवा बियर घेतात, एकाच रांगेत बसतात. ही चौकट आपल्याकडच्या भिशीसारखी असते. एकाने हात आखडता घेतला की उरलेल्यांचे गणितही बिघडते. पेट्रोलचा खर्च चौघांऐवजी तिघांवर येतो, ज्याची गाडी होती तोच गेला तर तिघांचे येणे अवघड होते, आणि बापाने तिकीट सोडले की मुलाचे आपोआप सुटते. यातल्या तिघांची नोकरी शाबूत असू शकते. बेकारीच्या आकड्यात एकच माणूस मोजला जातो, स्टँडमध्ये मात्र चार खुर्च्या रिकाम्या होतात.

तिकीट हा त्या दिवसाच्या खर्चाचा एक भाग झाला. त्यात प्रवास, पार्किंग, खाणे, मुलासाठी काही, असे सगळे धरावे लागते. बाहेरगावच्या सामन्याला तर तिकिटापेक्षा वाट महाग. मिडल्सब्रोहून लंडन सुमारे ४०० किलोमीटर. सामना शनिवारी दुपारी तीनला असेल तर सकाळी निघून रात्री घरी येता येते. ही तीनची वेळ उगीच पडलेली नाही. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांना शनिवारी दुपारी दोन वाजता काम थांबवणे भाग पाडले, पुढे इतर उद्योगांतही अर्धा शनिवार रुळला, आणि कामगार हातपाय धुऊन चालत मैदानात पोहोचेल अशी वेळ फुटबॉलने धरली. आता टीव्हीच्या सोयीने सामने शुक्रवारी रात्री, रविवारी दुपारी, सोमवारी रात्री जातात. सोमवारचा सामना रात्री दहाला संपला की उत्तरेकडे जाणारी गाडी मिळत नाही. मग हॉटेल घ्या किंवा मंगळवारची रजा टाका. रजा टाकणे ज्यांना सर्वांत अवघड, त्यांचाच रोजगार मंदीत सर्वांत डळमळीत असतो.

टीव्हीवर ठपका ठेवणाऱ्यांकडे मात्र तितका भक्कम पुरावा नाही. १९६० च्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी इतर क्लबांना पटवून दिले की शनिवारी दुपारी थेट प्रक्षेपण झाले तर छोट्या क्लबांची दारे ओस पडतील. त्यातून निघालेली बंदी आजही आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करत नाहीत. म्हणूनच प्रीमियर लीगचा तीनचा सामना पुण्यात किंवा मडगावात बसून थेट बघता येतो आणि मँचेस्टरच्या माणसाला स्वतःच्या घरात बघता येत नाही. पण टीव्ही पूर्ण बंद ठेवला तर मैदाने भरतात का? याचा एक अनाहूत प्रयोग इंग्लंडमध्ये होऊन गेला आहे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये हक्कांच्या पैशावरून लीग आणि वाहिन्यांचे फिसकटले आणि वर्षअखेरपर्यंत पडद्यावर लीगचा एकही सामना दिसला नाही. तो मोसम संपला तेव्हा इंग्लिश लीगच्या चारही श्रेणींची मिळून प्रेक्षकसंख्या होती सुमारे १ कोटी ६५ लाख, दुसऱ्या महायुद्धानंतरची नीचांकी.

त्या नीचांकाकडे नेणारा उतार सविस्तर बघण्यासारखा आहे. १९७९-८० मध्ये हीच संख्या २ कोटी ४६ लाख होती. पुढच्या मोसमात २ कोटी १९ लाख, मग २ कोटी, मग १ कोटी ८८ लाख. सहा वर्षांत एकतृतीयांश प्रेक्षक गेले. याच काळात ब्रिटनमधल्या बेरोजगारांची संख्या ३० लाखांवर पोहोचली. पोलाद, कोळसा, जहाजबांधणी, यंत्रे, म्हणजे ज्या गावांच्या पोटातून फुटबॉल जन्मला तीच गावे यात होरपळली. टीसाइडला पाचात एक माणूस बेकार होता. मात्र सगळे खापर बेकारीवरच फोडता येत नाही. मैदानावरच्या मारामाऱ्यांनी कुटुंबे घाबरून दूर गेली होती. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण गेले आणि त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर ३९ जण. अशा वर्षी मुलाचा हात धरून मैदानात जायला कोण धजावेल?

क्लबांनी त्या काळात हातपाय मारले. १९८१ पासून विजयाला दोनऐवजी तीन गुण दिले जाऊ लागले, संघांनी आक्रमक खेळावे आणि लोकांनी यावे म्हणून. १९८३ मध्ये लीगला पहिल्यांदा प्रायोजक मिळाला. आणि त्याच वर्षी एक निर्णय झाला ज्याबद्दल चाहत्यांच्या वादात फारसे कोणी बोलत नाही, पण माझ्या मते तो सर्वांत दूरगामी होता. तोवर लीगच्या सामन्याच्या दारावर जमलेल्या रकमेतला काही हिस्सा पाहुण्या संघाला द्यावा लागे. छोटा क्लब मोठ्या मैदानावर खेळून आला की त्याच्याही पदरात काही पडे. १९८३ पासून घरच्या सामन्याची सगळी रक्कम घरच्या क्लबची झाली. याचा अर्थ, ज्या गावचा कारखाना बंद पडला त्या गावच्या क्लबला दुसऱ्या गावच्या गर्दीचा आधार उरला नाही.

आपल्या मिडल्सब्रोचे त्यानंतर काय झाले ते सांगतो. १९८५-८६ मध्ये घरच्या मैदानावर, म्हणजे तेव्हाच्या एअरसम पार्कवर, सरासरी सहा हजारांच्या आसपास माणसे येत. याच मैदानात १९४९ च्या नाताळात न्यूकॅसलविरुद्ध ५३,८०२ प्रेक्षक दाटले होते. १९८६ च्या उन्हाळ्यात क्लब दिवाळखोरीत निघाला आणि मैदानाच्या दारांना कुलपे लागली. खेळाडू बागांमध्ये सराव करत. नव्या मोसमाचा पहिला घरचा सामना शेजारच्या हार्टलपूलच्या मैदानावर, तोही हार्टलपूलचा स्वतःचा सामना आटोपल्यावर संध्याकाळी खेळावा लागला. स्टीव्ह गिब्सन हा स्थानिक तरुण उद्योजक आणि त्याचे साथीदार पुढे आले म्हणून क्लब वाचला. ब्रूस रिओक यांच्या हाताखाली टोनी मोब्री, गॅरी पॅलिस्टर अशा तरुणांचा संघ लागोपाठ दोन मोसम वर चढला आणि १९८८ मध्ये पहिल्या श्रेणीत गेला. या दोन वर्षांत प्रेक्षक दुपटीने वाढले. टीसाइडची बेकारी त्या दोन वर्षांत काही मिटली नव्हती.

असाच अनुभव पुन्हा आला. टाटांनी विकल्यावर रेडकारची भट्टी २०१२ मध्ये थायलंडच्या एका कंपनीने पेटवली, पण ऑक्टोबर २०१५ मध्ये ती कायमची थंडावली. दोन हजारांहून अधिक थेट नोकऱ्या गेल्या. कारखान्याचा वर्षाकाठचा पगार जिथे खर्च होत होता त्या दुकानांना, खानावळींना, गॅरेजना बसलेली झळ वेगळीच. पैसे नसतात म्हणून लोक येत नाहीत, हे समीकरण सरळ असते तर २०१५-१६ मध्ये रिव्हरसाइड ओसाड पडायला हवे होते. उलट दोन वर्षांपूर्वी सरासरी १६ हजारांच्या खाली गेलेली गर्दी त्या मोसमात २४ हजारांवर गेली आणि मे २०१६ मध्ये संघ पुन्हा प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. ‘जिंकू लागू द्या, मग बघा’ म्हणणाऱ्याचे इथे बरोबर ठरते. पण ही वाढ फुकट झालेली नाही. ज्या घरात पगार बंद झाला त्या घराने कशाला तरी कात्री लावून हे तिकीट काढले असणार. जो माणूस संघ हरत असताना आला नाही आणि जिंकू लागल्यावर आला, त्याला संधीसाधू म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे की तोकड्या पैशात एखादी दुपार विकत घेताना ती आनंदाची जावी, असा विचार माणूस करणारच.

याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. इंग्लिश लीगचा विक्रमी मोसम १९४८-४९ चा, ४ कोटी १२ लाख प्रेक्षकांचा. तेव्हा अन्नाचे रेशनिंग चालू होते, खिशात पैसा बेताचा होता, पण काम होते आणि युद्धानंतर मोकळ्या हवेत एकत्र उभे राहण्याची ओढ होती. पुढच्या तेरा वर्षांत देश श्रीमंत होत गेला, बेकारी नावालाच होती, आणि १९६१-६२ पर्यंत प्रेक्षक २ कोटी ८० लाखांवर आले. घरात टीव्ही आला, दारात मोटार आली, शनिवारच्या दुपारला दुसरे पर्याय मिळाले. गरिबी गर्दी घटवते आणि समृद्धीही घटवते, फक्त वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढते.

मंदीचा मारा सगळीकडे सारखा नसतो, हेही जुने आहे. १९३० च्या महामंदीत वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यातला मर्थर टाउन क्लब १९३० मध्ये लीगमधली जागा गमावून बसला. लँकेशरच्या विगन बरोने ऑक्टोबर १९३१ मध्ये मोसम अर्धवट सोडून लीगचा निरोप घेतला. त्याच दशकात मँचेस्टर सिटीच्या मैदानावर १९३४ मध्ये चषकाच्या एका सामन्याला ८४,५६९ लोक आले आणि लंडनला आर्सेनलच्या हायबरीवर १९३५ मध्ये ७३,२९५. लंडन आणि मिडलँड्समध्ये मोटारी, विजेची उपकरणे यांचे नवे कारखाने उभे राहत होते. खाणी आणि गोद्यांच्या गावांत निम्मे गाव रस्त्यावर होते. लीगने ठरवलेल्या एक शिलिंगच्या किमान दराखाली क्लबला जाता येत नसे. मग खिसा रिकामा असलेली माणसे मैदानाबाहेर थांबत आणि सामन्याचा पाऊण वेळ उलटल्यावर, आतल्या लोकांना बाहेर पडता यावे म्हणून दारे उघडली की शेवटची वीसेक मिनिटे बघून घेत. ‘खरे चाहते’ हा शब्द ज्यांना वापरायचा असेल त्यांनी या दाराबाहेरच्या माणसांवर वापरून बघावा.

नोकरी जाणे आणि महागाई यांत फरक आहे, आणि अलीकडचा दाखला तो स्पष्ट करतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधली महागाई ११ टक्क्यांवर गेली, वीज-गॅसच्या बिलांनी घरे हवालदिल झाली. तरी २०२२-२३ मध्ये प्रीमियर लीगची सरासरी ४० हजारांवर राहिली. कारण बेरोजगारी ४ टक्क्यांच्या खाली होती. पगार येत असतो तोवर माणूस बाहेरचे जेवण कमी करतो, सहल पुढे ढकलतो, पण सामना शेवटपर्यंत वाचवतो. पगारच थांबला की वाचवायला काही राहत नाही. जर्मनीची २००९ ची कहाणीही हेच सांगते. त्या वर्षी तिथले सकल देशांतर्गत उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घसरले, तरी बुंडेसलीगाची सरासरी ४० हजारांच्या वर होती. तिथे तिकिटे स्वस्त आहेत, डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार लोक उभे राहून सामना बघतात, अनेक ठिकाणी सामन्याच्या तिकिटावरच स्थानिक रेल्वे-बसचा प्रवास होतो, आणि बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडे असते. या सगळ्याचे श्रेय मी नाकारत नाही. पण कामाचे तास कमी करून बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारने भरण्याची तिथली योजनाही तेवढीच महत्त्वाची होती. तिच्यामुळे नोकऱ्या टिकल्या, आणि नोकऱ्यांबरोबर शनिवारही टिकले.

दरांचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण यात क्लबांना सर्वांत जास्त करता येण्याजोगे आहे. एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर, जिने अखेर ९७ बळी घेतले, न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अहवाल दिला. वरच्या श्रेणींची मैदाने पूर्ण आसनांची करा, असे त्यांनी सांगितले, आणि दर उभ्या प्रेक्षकाच्या आवाक्यात ठेवता येतील असेही लिहिले. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण त्यांनी दिले होते, खुर्चीला ६ पौंड आणि उभ्याला ४ पौंड. खुर्च्या आल्या, दराचा सल्ला मागे पडला. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर पाहुण्यांचे तिकीट ६२ पौंडांना होते, आणि मँचेस्टर सिटीने न खपलेली नऊशेच्या वर तिकिटे परत पाठवली. पाहुण्यांना २० पौंडांत तिकीट मिळावे यासाठी चाहत्यांच्या संघटनेने मोहीम उघडली. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले, तेव्हा हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. संघ दोन गोलांनी पुढे होता. सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या प्रेक्षकांसाठी कमाल ३० पौंड ठरले.

हे वरच्या क्लबांना जड गेले नाही. २०१६ ते २०१९ या तीन मोसमांच्या केवळ ब्रिटनमधल्या प्रक्षेपणहक्कांचे त्यांना ५ अब्ज पौंडांहून अधिक मिळाले. दारावरचे उत्पन्न त्यांच्या एकूण मिळकतीच्या सहाव्या ते आठव्या हिश्श्याइतके उरले होते. खालच्या श्रेणींतल्या क्लबांचे तसे नाही. त्यांना टीव्हीचा पैसा थोडा आणि दारावरचा मोलाचा, म्हणून दर उतरवताना त्यांचा हात थरथरतो. त्यांना मी इतकेच सुचवेन. निम्म्या रिकाम्या स्टँडमध्ये एक खुर्ची वाढीव भरली तर क्लबचा खर्च जवळपास वाढत नाही. रखवालदार, दिवे, गवत यांचे पैसे द्यावेच लागतात. ज्याची नोकरी गेली त्याचे सीझन तिकीट रद्द न करता त्याची खुर्ची त्याच्या नावे एक मोसम राखून ठेवावी, आणि त्या मोसमात त्याला मुलांच्या दराने आत घ्यावे. काम मिळाल्यावर त्याने पूर्ण दर द्यावा. एरवी ती खुर्ची शून्य पौंड मिळवते, शेजारच्या तीन खुर्च्या सोबत नेते, आणि चौघांना परत आणायला नंतर जाहिरात करावी लागते, सवलती द्याव्या लागतात, नाहीतर संघाने वर चढेपर्यंत वाट पाहावी लागते. मिडल्सब्रोला २००९ नंतर अशी सात वर्षे वाट पाहावी लागली.